पांगाऱ्यावरची मैना

फार जुनी नाही, पण घरोघर पत्रं यायची त्या दिवसांतली गोष्ट. एका गावात दोन मैत्रिणी होत्या आणि दोघींनाही टपाल तिकिटं जमवायचं वेड होतं. एक फक्त पक्ष्यांची तिकिटं जमवायची, दुसरी फक्त झाडांची. गावाने त्यांची खरी नावं केव्हाच बाजूला ठेवून एकीला पाखरवाली आणि दुसरीला झाडवाली करून टाकलं होतं.

पाखरवालीच्या अल्बममध्ये मैनांचं एक पान होतं. त्यात मधोमध एक जागा तिने भांगपाडी मैनेसाठी रिकामी ठेवली होती. ते तिकीट तिला कितीतरी वर्षं मिळत नव्हतं. कुणी विचारलं, "इथलं पडलं वाटतं?" तर ती ठसक्यात म्हणायची, "पडलं नाही, यायचंय."

एकदा तालुक्याला तिकिटांचं प्रदर्शन भरलं. दोघींनी मिळून एकच फलक मांडला आणि पहिलं बक्षीस मिळवलं. बक्षीस होतं एक जोडतिकीट. म्हणजे एकाच कागदावर शेजारी शेजारी छापलेली, वेगवेगळ्या चित्रांची दोन तिकिटं, मध्ये नुसती भोकांची रेघ. जाणकार याला से-टेनंट म्हणतात. डाव्या तिकिटावर फुललेला पांगारा होता आणि उजव्या तिकिटावर भांगपाडी मैना.

पाखरवालीला आनंद झाला आणि लगेच पेचही पडला. बक्षीस एक आणि अल्बम दोन.

"एवढा विचार कसला करतेस?" झाडवाली म्हणाली. "तुझी मैना तुला, माझा पांगारा मला. उगीच का भोकं पाडलीत मध्ये?"

हिशेब अगदी सरळ होता. पाखरवालीने रेघेवर घडी घातली आणि वरून हळूच फाडायला सुरुवात केली. दोन भोकं सुटली. तेवढ्यात तिची नजर मैनेच्या पायांकडे गेली. मैना उजवीकडे बसली होती खरी, पण तिच्या पायाखालची फांदी डावीकडच्या खोडातून आली होती. आणखी चार भोकं सुटली, की झाडाची फांदी तुटणार होती आणि मैना एका काटकीवर लटकणार होती.

तिने हात थांबवला. मनात अल्बममधली ती रिकामी जागा आली आणि तिला फार वाईट वाटलं. तरी ती म्हणाली, "नको गं. अख्खं तूच ठेव."

"बघ हं, नंतर रुसशील."

"रुसेन. पण फाडणार नाही."

झाडवालीने मोठ्या हौसेने ते जोडतिकीट आपल्या अल्बमात लावलं. आता पाहुणे यायचे ते तेच पान बघायचे आणि विचारायचे मात्र पक्ष्याचं. "हिच्या डोक्यावर काळं काय आहे? ही पांगाऱ्यावर कशाला येते?" झाडवाली सुरुवातीला ठोकून द्यायची, "असेल कुठलीतरी मैना." मग तिची तिलाच लाज वाटू लागली. अर्धं चित्र तिला सांगता येत होतं, उरलेलं अर्धं दुसऱ्याच घरी राहत होतं.

एका सकाळी ती अल्बम काखोटीला मारून पाखरवालीच्या दारात उभी राहिली.

"चल, ते काळं काय आहे ते सांग आधी."

"काळा तुरा आहे तो, भांग पाडल्यासारखा मागे वळवलेला. आणि येते ती फुलांतला मध प्यायला. एवढं ठाऊक नाही?"

"नाही ना. म्हणून तर आले." झाडवालीने अल्बम उघडून तिच्यापुढे धरला. "हे माझ्या अल्बमचं नाही गं. तुझ्याही अल्बमचं नाही."

त्या दिवशी दोघींनी तिसरा अल्बम सुरू केला, फक्त जोडतिकिटांचा. पहिल्या पानावर पांगारा आणि मैना बसली. पुढे तो अल्बम दोघींच्या जुन्या अल्बमांपेक्षा जाड झाला, आणि प्रदर्शनात तो उघडायला दोघी बरोबरच जायच्या. मैनांच्या पानावरची ती जागा पाखरवालीने शेवटपर्यंत रिकामीच ठेवली, अगदी खुशीत.

कुणी पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणायचं, "अहो, हे वरून जरा फाटलंय."

तेव्हा झाडवालीच उत्तर द्यायची, "हिने तिथेच हात आवरला, म्हणून बाकीचं शाबूत आहे."

तात्पर्य इतकंच: वाटणी करताना आपला वाटा कोणता ते नंतर बघावं, तुटणार काय आहे ते आधी बघावं.