पहिला पाठ एका सुपारीत

सोमाचे सहा माड उद्या सकाळी जाणार होते, तेही एका सुपारीपायी!

सागरकोटात भाग्यभास्कर शास्त्री आले होते. श्रीमंत होण्याची विद्या शिकवायचे. एकूण पाठ बारा, आणि पहिला फक्त एका सुपारीत! "डोळे मिटा. मोहरांचा हंडा दिसतोय? आता हात पुढे करा..." आणि नेमके इथेच शास्त्रीबुवा पोथी बांधायचे. "बाकीचं पुढच्या पाठांत. दक्षिणा शंभर मोहरा!"

भोळ्या सोमाकडे मोहरा कुठल्या? हात पुढे केलेलाच होता, त्याच हाताने त्याने सहाही माड लिहून दिले. घर चालायचे ते त्या माडांवरच.

त्याची मुलगी आवडू तडक दरबारात गेली. "महाराजानू, माड गेले तर आमी खावचा काय? हे शास्त्रीबुवा अर्धोच पाठ शिकवतत!"

राजा प्रतापदेव महाहट्टी. शिवाय तो स्वतःच अकरा पाठ घेऊन बाराव्यासाठी ताटकळला होता. "दिला शब्द तो दिला! हां, अर्धवट शिकवणं वाईट असं शास्त्रीबुवा स्वतःच्या तोंडाने म्हणाले, तर माड परत. पण त्यांना हात लावायचा नाही, धमकी द्यायची नाही. मुदत उद्या दुपारपर्यंत!"

सगळा दरबार हसला. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायला शास्त्रीबुवा काय खुळे होते!

सकाळी शास्त्रीबुवा माड ताब्यात घ्यायला आले. गंमत बघायला राजाही आला.

"माड बरे आसत," आवडू म्हणाली. "पण नारळ पाडूक माणूस लागतलो. माडामागे एक नारळ त्याची मजुरी. रीतच आसा ती."

"म्हणजे दर खेपेला सहा नारळ?" शास्त्रीबुवांचा चेहराच पडला.

"तुमी सोता चढलास तर एकय जावचो नाय. चढूचो पाठ मी शिकवतंय. एका सुपारीत!"

"एका सुपारीत? शिकव, शिकव!"

बुवांनी धोतर खोचले. माडाला चढायच्या खाचा होत्याच. आवडू खालून सांगत गेली, "ह्यो पाय वर! आता त्यो!" बघता बघता बुवा शेंड्याला पोचले. मग त्यांनी खाली पाहिले आणि माडाला घट्ट मिठीच मारली.

"अगं, उतरू कसा?"

"उतरूचा दुसऱ्या पाठात, बुवानू! शंभर मोहरा!"

"बुवानू, डोळे मिटा!" सोमा ओरडला. "जमीन दिसता?"

"अरे चांडाळांनो! अर्धवट शिकवून माणसाला लटकत ठेवणं हे महापाप आहे!"

"ऐकलास, महाराजानू?" आवडूने टाळी वाजवली. "बोलले! आणि तुमचो बारावो पाठ ऱ्हवलो हा ना? बुवांका आता सवड आसा. इचारा!"

राजाने मान वर केली. "शास्त्रीबुवा, काय आहे हो बाराव्या पाठात?"

बुवांनी झावळीआड तोंड लपवले. मग रडवेला आवाज आला, "बाराव्यात... श्रीमंत व्हायचं असेल, तर लोकांना पहिला पाठ एका सुपारीत द्यायचा!"

राजा इतका हसला, इतका हसला, की पगडी वाळूत पडली! सोमाचे सहा माड तर सुटलेच, वर राजाने आपल्या बागेतले बारा आवडूच्या नावे केले. पाठामागे एक!

आणि उतरायचा पाठ? तो आवडूने शेवटपर्यंत शिकवला. घेतली एकच सुपारी!