बेटावर चालत आलेला माणूस

"…पण हे शहर मुळात कुणाचं, बाबा? तेवढं सांगा."

इद्रीसबाबा शिळी रोटी पाण्यात बुडवून ती मऊ व्हायची वाट पाहत होते. तोंडात दात उरले नव्हते, आणि खरं सांगायचं तर उत्तरं द्यायची हौसही उरली नव्हती.

भूमध्य समुद्राच्या काठावरचं सूर हे फार जुनं शहर. त्याच्या वेशीबाहेर, वाळूत, या फकिराची झोपडी. विचारणारा नसीफ हा शहरातला सर्वांत विद्वान माणूस. लहानपणी त्यानं बाबांकडेच अक्षरं गिरवली होती. आता सूरचा सगळा इतिहास त्याला तोंडपाठ होता आणि तो ऐकणारं कुणी भेटलं की त्याचा दिवस बरा जाई. बाबांना हे ठाऊक होतं, म्हणून तो येताना दिसला की ते डोळे मिटून घेत.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. उत्तरेकडचं एक गाव लुटारूंनी जाळलं होतं. तिथली माणसं पोराबाळांसकट वेशीबाहेर येऊन बसली होती. त्यांना आत घ्यायचं की हाकलायचं, हे उद्या पंच ठरवणार होते. आणि पंच नसीफच्या शब्दाबाहेर नव्हते.

"घेऊ नये, असं माझं ठरलंय," नसीफ म्हणाला. "तुम्ही फक्त हो म्हणा."

"ठरलंय ना? मग माझा होकार कशाला?"

"झोप लागत नाही, बाबा."

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"विहिरींना पाणी कमी," नसीफ घाईघाईनं सांगू लागला. "आज बोट दिलं की उद्या हात धरतील. आम्ही बेटावरची माणसं. पिढ्यान्‌पिढ्या बेटावर राहिलो. हे किनाऱ्यावरचे. त्यांचा आमचा संबंध काय?"

"बेटावर राहतोस?"

"म्हणजे काय! सारं शहर बेटच म्हणतं त्याला."

"मग होडी कुठं बांधलीस?"

"होडी? होडी कशाला? चालत आलो की…"

नसीफ बोलता बोलता थांबला.

बाबा हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि तो थांबेपर्यंत नसीफला गप्प बसावं लागलं. एवढ्या मोठ्या विद्वानाला एवढा वेळ गप्प बसलेलं सूरमध्ये कुणी पाहिलं नसेल.

"कशावरून चालत आलास?" बाबांनी विचारलं.

"बांधावरून. सिकंदरानं समुद्रात भर घालून बांधला तो. पुढं त्यावर वाळू साचत गेली…"

"भर कशाची?"

"किनाऱ्यावरच्या जुन्या शहराची. त्यानं घरं पाडली आणि दगड पाण्यात लोटले." नसीफचा आवाज उतरला. हे त्यानं शंभर वेळा लोकांना सांगितलं होतं, पण इतक्या हळू आवाजात कधीच नाही.

"आणि त्या घरांतली माणसं?"

"काही मेली. काही त्याआधीच होड्यांत बसून… बेटावर आली, म्हणतात."

"म्हणतात… त्यांना दार कुणी उघडलं?"

नसीफनं डोळे मिटले. राजे आठवले, वेढे आठवले, जांभळा रंग विकणारे व्यापारीही आठवले. दार उघडणारा काही आठवला नाही.

"ठाऊक नाही, बाबा."

"आणि दार फोडलं कुणी?"

"सिकंदरानं."

"हं…"

एवढं म्हणून बाबा रोटी चघळू लागले. ते थकले होते. असली बेघर माणसं या वाळूत येऊन बसलेली त्यांनी आयुष्यात कितीदा तरी पाहिली होती. कधी दार उघडलं होतं, कधी नाही. दर वेळी कुणीतरी शहाणा असाच विचारायला आला होता, आणि दर वेळी त्याला उत्तर आधीच पाठ होतं.

ऊन चढलं. झोपडीची सावली आखडत आखडत एका चटईएवढी झाली. ती सगळी अडवून नसीफ मांडी घालून बसला होता.

वेशीबाहेर बसलेल्यांतली एक म्हातारी समोरून आली. कडेवर नातू, पाय भाजलेले. नसीफची भरजरी शाल पाहून ती उन्हातच थांबली.

नसीफलाही ती दिसली. त्यानं मान खाली घातली.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "उद्या मी पंचांना काय सांगू?"

बाबांनी म्हातारीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"उद्याचं उद्या… आधी जरा सरक."