पडवळशेठना ऐकू आलेला भाव

बाराशेच्या वरचा भाव कुणी सांगितला, की पडवळशेठची रेंज जायची!

माणूस पुण्यातला. घोंगडी-गालिच्यांची तीन मजली पेढी, टेबलावर आरशाएवढा कॉम्प्युटर, भिंतीतून वायरच वायर. पण खेड्यातला विणकर व्हिडिओ कॉलवर "घोंगड्याला पंधराशे" म्हणाला, की शेठ तोंड अर्धवट उघडं ठेवून जागच्या जागी थिजायचे. "हॅलो, शेठ? शेठ?" विणकर ओरडून ओरडून दमायचा आणि शेवटी कंटाळून म्हणायचा, "बरं, बाराशे." लगेच शेठच्या चेहऱ्यात जीव यायचा!

"बाराशे ना? आता कसं स्वच्छ ऐकू आलं!"

विणकरांनी कुरकुर केली, तेव्हा शेठनी सगळ्यांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं, "कॉलवर मी कानानं ऐकला आणि तोंडानं उच्चारला, तोच भाव! बाराशेच्या वरचा आकडा जो मला ऐकवील, त्याचा सगळा माल त्याच भावानं उचलीन. पडवळाचा शब्द आहे!"

शब्द द्यायला काय जातंय? कान त्यांचेच होते.

इकडे आटपाडीकडच्या धुळाप्पा सणगराच्या घरात चाळीस घोंगडी घड्या घालून पडली होती. बाराशेत लोकरीचासुद्धा खर्च निघत नव्हता. यंदा भाव मिळाला नाही तर माग विकायचा आणि साखर कारखान्याच्या गेटवर राखणदार म्हणून उभं राहायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. मागाला एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं. तेव्हापासून त्याची लेक मायाक्का मागापासून हलत नव्हती.

पहिला कॉल धुळाप्पानं स्वतः केला. त्याचा सारा जन्म बाजारातल्या रुमालाखालच्या सौद्यात गेलेला. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, तिसऱ्याला कळता कामा नये! सवयीनं त्यानं मोबाईलवर उपरणं टाकलं आणि आत हात घालून बोटं नाचवली.

"अहो, अंधार का झाला?" शेठ ओरडले.

"भाव सांगतोय न्हवं! चार लोकं बघत्यात हितं!"

शेठनी फोन ठेवला. मायाक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

"आण्णा, आता मी बोलते."

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाईल गाडग्याला टेकवून ठेवला, घोंगडं उलगडून दाखवलं, आणि सरळ भाव सांगितला.

"बावीसशे, शेठ!"

शेठ थिजले. तोंड अर्धवट उघडं, एक भुवई वर. बाकीचे विणकर इथंच बोंबलायला लागायचे. मायाक्का मात्र गप्प बसून बघत राहिली. शेठ हलत नव्हते, पण त्यांच्या डोक्यावरचा पंखा गरागरा फिरत होता! भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. एक माशी शेठच्या मिशीवरून नाकाकडे निघाली होती, आणि नाक बिचारं सोसत होतं.

मायाक्कानं कॉल तसाच चालू ठेवला आणि बापाकडे वळली.

"आण्णा, शेठची रेंज पार गेली. आता आपलं बोलनं कोन ऐकतंय? म्या काय म्हनते, समोरच्या बावडेकरशेठना फोन लावू. यांच्या दाराम्होरंच दुकान हाय त्यांचं. चाळीसच्या चाळीस घ्या म्हनू, बावीसशेनं."

शेठ हलले नाहीत. पण चेहऱ्याचा रंग बदलायला लागला.

"आन् त्यांना म्हनू, भायेर ही मोठी पाटी लावा. पडवळांकडं मिळत न्हाई ते अस्सल हातमागाचं घोंगडं, हितं मिळंल!"

माशी उडाली!

"बावीसशे?" शेठ खुर्चीतून उठून किंचाळले. "तो बावडेकर बावीसशे मोजणार? आणि पाटी लावणार? माझ्या दारासमोर?"

"आली का रेंज, शेठ?"

शेठ चपापले. त्यांनी घाईघाईनं पुन्हा तोंड अर्धवट उघडं ठेवलं.

"आता थिजू नगा! रेंज गेली असती तर डोक्यावरचा पंखाबी थांबला असता की!"

"अगं, पण तू तुझ्या बापाशी बोलत होतीस!" शेठ हात नाचवत म्हणाले. "मी ऐकला तो भाव मला कुठं सांगितलास?"

"तुमाला सांगायचा, अशी अट कुटं हुती? ऐकवायचा, एवढंच म्हनला हुता. तुमी कानानं ऐकला, तोंडानं उच्चारला. बावीसशे! आन् शब्द कुनाचा, शेठ?"

शेठनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग मिशी थरथरली, मग पोट हललं, आणि मग शेठ असे खो खो हसत सुटले की कानावरचा हेडफोन घसरून गळ्यात आला.

"पडवळाचाच गं, पडवळाचाच! इतकी वर्षं मी लोकांना थिजून दाखवतोय, आज तू मला हलवलंस! उचलली चाळीस, बावीसशेनं. आणि वर बक्षीसही देतो. काय हवं ते माग!"

"पुढच्या वर्साला ऐंशी घोंगड्यांची लोकर तुमी पुरवायची. भाव ह्योच."

"दिली! आजच पाठवतो!"

मायाक्कानं मागं वळून पाहिलं. धुळाप्पा केव्हाच जाऊन मागावर बसला होता.

"पोरी," तो डोळे पुसत म्हणाला, "त्या मागाच्या गिऱ्हाइकाला फोन लाव. म्हनावं, माग कामात हाय!"