नऊ खोकले, सात शिंका

बिबट्याला वानरांची बोली कळू लागली, तेव्हाची गोष्ट. हरणांचा पहारेकरी हुप्प्या झाडावरून “नाल्याकडे पळा!” असं ओरडला, की बिबट्या आधीच नाल्यात हजर.

मग हुप्प्याने मोठ्या ऐटीत गुप्त हाक रचली. नऊ खोकले आणि सात शिंका म्हणजे टेकडी.

दुसऱ्याच दिवशी बिबट्या आला. हुप्प्या खोकू लागला, हरणं खाली मोजत उभी राहिली. पाचव्या खोकल्याला बिबट्याने झेप घेतली. चांदी हरणीचा जीव वाचला, शेपटीचा गोंडा गेला.

“त्याला काही कळलं का?” हुप्प्याने विचारलं.

“छे हो, हुप्पेराव! आम्हाला तरी कुठे कळलं?” चांदी म्हणाली. “उद्यापासून एकच खोकला. त्याचा अर्थ नाला की टेकडी, ते रोज सकाळी गुपचूप ठरवू.”

हुप्प्या कबूल झाला, पण हिरमुसला. शिंकांचा त्याने फार सराव केला होता.