नाव घ्यायचं नाही

"या वर्गाच्या पोटात काही राहत नाही."

एस्तेर उभी राहून बोलली. कुणाकडेही न बघता.

"इथे विश्वासानं सांगावं, तर ते चौकात पोचतं. इथे रडावं, तर ते बाहेर ऐकू जातं. आणि याला आपण सहभागिता म्हणतो."

बाकांवरचे चहाचे कप तसेच राहिले.

तो प्रौढांचा रविवारचा वर्ग होता. उपासना संपली की चर्चच्या बाजूच्या खोलीत भरणारा. आधी चहा, मग बातम्या, आणि वेळ उरला तर बायबलचं वचन. कोण आजारी, कुणाचं जमलं, कुणाचा मुलगा कुठे लागला... ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी प्रार्थना. एस्तेरच्या आजोबांच्या वेळेपासून असंच चाललेलं.

वर्ग अल्हाट गुरुजी घ्यायचे. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आवाज बारीक. तो ऐकायचा तर बाकीच्यांना गप्प बसावं लागे.

"काय बाहेर गेलं, बाळ?" गुरुजींनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"मला आहे. तू सांग."

"योएल," एस्तेर म्हणाली.

"मागच्या महिन्यात मी याच खोलीत सांगितलं, माझा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात आहे. फक्त इथे सांगितलं. आमच्या बोळात सगळ्यांना म्हटलं होतं, तो मामाकडे नाशिकला गेलाय. आठवडाभरात शाळेतून फोन आला. तो चालवायचा ती शाळेची व्हॅन दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. म्हणे, पालकांच्या कानावर आलंय."

कुणीतरी कप खाली ठेवला. अगदी हळू.

"मी त्याला शब्द दिला होता, कुणाला कळणार नाही. म्हणून तो तिथे गेला. आता त्याचे उपचार संपत आलेत, आणि तो म्हणतो, घरी येणार नाही. तिथूनच सुरतेला जातो. एकटा."

तिनं पहिल्यांदाच सगळ्यांकडे पाहिलं.

"तो एकटा राहिला तर काय होईल ते मला माहीत आहे. तुम्हालाही आहे."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. परत घातला.

"मी शाळेत जाऊन आलो, त्याला परत घ्या म्हटलं. नाही म्हणाले."

"मला शाळेचं काही नकोय. मला नाव हवंय."

"नाव कळलं की काय करशील?"

"त्या माणसाला या वर्गातून उठवा."

"आणि मग?"

"मग योएलला सांगेन, ये. आता तुझं नाव घेणारं इथे कुणी नाही."

गुरुजी टेबलावरचे खडू डबीत भरू लागले.

"सांगणार नसाल तर बातम्या बंद करा," एस्तेर म्हणाली.

मागच्या बाकावरून पाटोळेकाका बोलले. "बातम्या बंद म्हणजे... मग यायचं कशाला?"

"वचनासाठी, काका."

"ते पाळकसाहेब तासभर सांगतातच की."

दोघंतिघं हसले. एस्तेर हसली नाही.

"निदान नावं तरी घेऊ नका. कोण ते देवाला कळतंच. त्याला पत्ता सांगायची गरज नाही."

गुरुजींनी खडू उचलून तिच्यापुढे धरला.

"लिही."

तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : नाव घ्यायचं नाही.

पहिल्या बाकावर मार्थाआजी बसल्या होत्या. वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर. नजर अधू, आणि एका कानात मशीन. ते असूनही जवळचंच ऐकू येई, बाकीचं शेजारीण सांगायची. त्यांनी शेजारणीला कोपरानं ढोसलं.

"काय लिहिलं गं तिनं?"

शेजारीण पदराशी चाळा करत राहिली.

*

पुढच्या रविवारी चहा झाला. बातम्यांची वेळ झाली.

कुणी बोलेना.

शेवटी एका बाईंनी सुरुवात केली. "एका घरी मुलगी झाली."

"कुणाकडे?"

"नाव घ्यायचं नाही."

"अहो, पण बाळंतिणीला काही न्यायला नको का?"

"मनानं न्या."

मग एक गृहस्थ म्हणाले, "एका भावाचा पाय मोडलाय." त्यांचाच पाय प्लास्टरमध्ये होता, समोर स्टुलावर ठेवलेला. तरी सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली.

"कुठल्या दवाखान्यात बांधलं हो त्या भावानं?"

"ते सांगितलं तर ओळखाल."

खोली हसली. एस्तेरही ओठ दाबून हसली. तिला वाटलं, होईल सवय.

मग पाटोळेकाका उठले. खाली बघत म्हणाले, "एका घरी बाई अंथरुणाला खिळलीय. नवऱ्याला स्वयंपाक येत नाही. पोरं चार दिवस बिस्किटांवर आहेत."

आता कुणी हसलं नाही.

जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. प्लास्टरवाल्यांच्या बायकोनं तोंड उघडलं, फळ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. पाटोळेकाका कुणीतरी काही म्हणेल म्हणून जरा उभे राहिले... मग बसले.

"प्रार्थना करू," गुरुजी म्हणाले. "मनातल्या मनात."

माना खाली गेल्या. खोली शांत झाली. एस्तेरला हे हवं होतं. कुणाचं काही कुणाला न कळता केलेली, स्वच्छ प्रार्थना.

मार्थाआजींनी कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं. प्रार्थनेच्या वेळी त्या नेहमीच काढायच्या. बोलतेय मी आणि ऐकतोय तो, मग मला ते कशाला, असं म्हणायच्या. मशीन काढलं की स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसे, आणि मग तो कितीही चढे.

"प्रभू," आजी म्हणाल्या, आणि खिडकीवरची कबुतरं उडाली. "आमच्या शेजारच्या रत्नाकर पाटोळेची बायको टायफॉइडनं पडलीय. तो लाजतो, सांगत नाही. त्याच्या पोरांच्या पोटाचं बघ."

पाटोळेकाकांनी चेहरा ओंजळीत घेतला.

"आणि आपला योएल. चर्चमागच्या बोळातल्या वैरागरांचा धाकटा. त्याची दारू सुटू दे. तो त्या केंद्रात आहे, तिथे त्याला झोप लागू दे. मी रोज पहाटे ओट्यावर बसून तुला सांगते, तुला पाठच झालं असेल. पण मी सांगायची थांबणार नाही. आणि त्या व्हॅनवाल्या पोरांनाही आशीर्वाद दे. समोरच्या मैदानात गाड्या धुतात बिचारी, आणि योएलचं नाव आलं की माझ्याबरोबर आमेन म्हणतात."

एस्तेरचे डोळे उघडले.

आजी बोलतच होत्या. एस्तेरनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे उघडे होते. सगळे तिच्याकडे बघत होते.

एकही चेहरा चकित झालेला नव्हता.

"आमेन," आजी म्हणाल्या, आणि मांडीवरचं मशीन चाचपू लागल्या.

एस्तेर गुरुजींजवळ गेली. हळू आवाजात बोलली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"सगळ्यांना?"

मागून कुणीतरी खोकलं.

"त्यांना गप्प करता आलं नाही तुम्हाला?"

"मी एकदा म्हटलं त्यांना, जरा हळू सांगा. म्हणाल्या, देवाचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे, त्याला मोठ्यानंच सांगावं लागतं."

"हसू नका, गुरुजी. माझ्या भावाची नोकरी गेली."

"मी हसत नाही." गुरुजींच्या डोळ्यांत खरंच हसू नव्हतं. "तुझं नुकसान झालं. ते भरून देणं मला जमलं नाही."

"मग मला नाव का नाही सांगितलंत? मी महिनाभर एकेकीवर संशय घेत होते. इथे बसलेल्या प्रत्येकावर. मी इतकं बोलले, आणि एकानंही आजींचं नाव..."

ती थांबली.

गुरुजी अगदी बारीक आवाजात म्हणाले,

"तू म्हणाली होतीस, या वर्गाच्या पोटात काही राहत नाही."

एस्तेर तशीच उभी राहिली... मागे पाटोळेकाकांना कुणीतरी विचारत होतं, पोरांना तिखट चालतं का.

मार्थाआजींच्या कानात मशीन बसलं. त्यांनी हात पुढे करून एस्तेरचं मनगट धरलं.

"एस्तेर ना गं? योएल कधी येतोय?"

सगळा वर्ग एस्तेरकडे बघू लागला. आता एक वाक्य पुरेसं होतं : तुमच्यामुळे त्याची नोकरी गेली. ते वाक्य तिनं महिनाभर घोळवून ठेवलं होतं, फक्त त्याला चेहरा नव्हता.

ती आजींच्या शेजारी बसली.

"आजी, एक सांगू? उद्यापासून योएलचं नाव मनात घ्या."

"का गं? काही झालं का?"

"नाही. काही झालं नाही."

"बरा आहे ना तो?"

"बरा आहे."

"मग मनात घेते," आजी म्हणाल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, पण पोरीचा हात गार पडला होता, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

गुरुजींनी डस्टर उचललं, फळ्यापाशी गेले, आणि ते तिथेच खाली ठेवून परत आले.

"नियम तुझा आहे," ते म्हणाले.

एस्तेरनं फळा पुसला नाही.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आजींच्या घरासमोरच्या मैदानाच्या टोकाला आली. इकडे यायची तिला सवय नव्हती. योएल रोज यायचा.

व्हॅन रांगेत उभ्या होत्या. ड्रायव्हर पोरं बादल्या घेऊन काचा धूत होती. समोरच्या ओट्यावर मार्थाआजी गुडघ्यांवर शाल घेऊन बसल्या होत्या. मशीन बाजूला काढलेलं. दुधाची पिशवी घेऊन गुरुजी येत होते, तेही तिला पाहून थांबले.

एस्तेरनं योएलला फोन लावला. पहाटे व्यायामाआधी त्याला फोन घेता यायचा.

"ऐक," ती म्हणाली. "मी मैदानात आहे. तुझं नाव आता कुणी घेत नाही. मी बंद केलंय."

"कुणी बाहेर नेलं ते कळलं?"

तिनं गुरुजींकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "पण आता तू ये. तूच ऐक."

तिनं फोन हातभर पुढे धरला.

मार्थाआजींनी सुरुवात केली. त्यांच्या आवाजानं मैदान भरलं. पाटोळेची बायको. नवी बाळंतीण. प्लास्टरमधला पाय. पाळकसाहेबांची साखर. एकेक नाव, एकेक घर, कोणत्या वळणावर ते घर आहे तेसुद्धा.

मग त्या थांबल्या. ओठ नुसते हलत राहिले. आवाज नाही.

मग म्हणाल्या, "आमेन."

मैदानातून कुणीच आमेन म्हटलं नाही.

फडकी काचांवर थांबली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतला एक, गोरख नावाचा, हात पँटला पुसत ओट्याकडे आला. योएलची व्हॅन आता तोच चालवायचा.

"आजी," त्यानं हाक मारली. "योएल राहिला."

आजींना ऐकू गेलं नाही.

एस्तेरच्या हातात फोन तसाच होता. तिनं तो कानाला लावला.

"तायडे," योएल म्हणाला. "फोन ठेवू नकोस."

तिनं पुन्हा हात लांब केला.

गोरखनं ओट्यावरचं मशीन उचलून आजींच्या तळहातावर ठेवलं. पण त्या ते कानात घालेपर्यंत त्याला धीर निघाला नाही. तो त्यांच्या कानाशी वाकला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"योएल राहिला, आजी. त्याचं घ्या, मग आम्ही गाड्या काढतो."