खुरवाला तो आपला

नदीच्या वळणावर एक कुरण होते आणि त्या कुरणात हरणांच्या कळपाबरोबर एक हरिणी राहत असे. तिला एकच पाडस होते. मुलांनो, हरणे आपली लेकरे कशी राखतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? आई पाडसाला चाटून चाटून असे स्वच्छ करते की त्याच्या अंगाला वास म्हणून उरत नाही. मग त्याला उंच गवतात बसवते आणि स्वतः मुद्दाम लांब जाऊन चरते, कारण आई जिथे उभी असते तिथेच शत्रू शोधतो. पाडसाने काय करायचे? दबून बसायचे. नाकावर माशी बसली तरी हलायचे नाही. आईने हळूच साद घातली की मगच उठायचे. आईचा जीव मात्र दिवसभर त्या गवतात अडकलेला असतो. या हरिणीने आपले पाडस असेच राखले होते आणि ते गुणी लेकरू सांगितल्यासारखे वागत होते.

त्या वर्षी कुरणातले गवत वाढले खरे, पण त्यात कस नव्हता. हरणांच्या बरगड्या दिसू लागल्या. त्यांच्या पाठीवर बसून गोचिडी वेचणारा एक कावळा होता. जुनी ओळख, घरच्यासारखा. तो एक युक्ती घेऊन आला. पलीकडच्या रानातली जनावरे म्हणे तीच ती झाडे बघून कंटाळली होती. त्यांना हे कुरण, ही नदी दाखवायची. येताना ती मोहाची फुले घेऊन येतील आणि कळपाचे पोट भरेल. कळपाचा म्होरक्या मोठा धोरणी. त्याने अट घातली की नखंवाल्या जनावराला आत पाऊल टाकू द्यायचे नाही. "खुरवाला तो आपला, नखंवाला तो परका," असे त्यांचे वाडवडील सांगत आले होते. तेव्हा नदीच्या उतारावर ओल्या वाळूत पाहुण्याचा ठसा उमटला की कावळ्याने तो निरखायचा. ठसा खुराचा असेल तरच आत सोडायचे. या शहाणपणावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या हरिणीनेही डोलावली.

पाहुणे येऊ लागले. रोही आले, सांबरे आली, गव्यांचे कळप आले, एक म्हातारा रानडुक्करही आला. त्यांनी नदी पाहिली, गवत पाहिले आणि जांभया दिल्या. नदी काय, त्यांच्याकडेही होतीच. "पाडसं कुठे आहेत?" असे ते विचारू लागले. मग काय, कावळ्याने ओरडायचे आणि पाडसांनी गवतातून उठून पाहुण्यांपुढे यायचे, असा शिरस्ता पडला. आपल्या हरिणीचे पाडस मात्र काव काव ऐकले की कान पाडून जमिनीला जास्तच चिकटे. इतर हरिणी तोंड फिरवून हसत. एक जण म्हणालीच, "तुझं लेकरू भारीच बुजरं आहे बाई." ते हरिणीला फार लागले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पाडसाला नाकाने ढोसले आणि सांगितले, "ऊठ, लाजायचं काय त्यात? पाहुणे आहेत ते. पाहुण्यांना भ्यायचं नसतं."

आठवडाभरात पाडस सरावले. पंधरा दिवसांत ते सगळ्यांच्या पुढे धावू लागले. चारी पाय एकदम उचलून अशी काही उडी मारी की पाहुणे खूश होत, त्याला चाटत, कुरवाळत. ज्याच्या अंगाला वास नव्हता त्याच्या अंगाला आता साऱ्या रानाचा वास येई. आणि खोटे कशाला सांगू, हरिणीची मान ताठ झाली होती. कौतुक कोणाला नको असते?

उताराच्या वाळूत एका टिटवीचे घरटे होते. टिटवीचे घरटे ते काय, चार खडे आणि त्यांत चार अंडी. गव्यांच्या पहिल्याच कळपाने ती अंडी तुडवली. टिटवी रडली, ओरडली, पण ऐकायला कोणाला वेळ होता? म्होरक्याने तिला दुसरीकडे जायला सांगितले, एवढा मोठा काठ पडला आहे म्हणून. ती गेली नाही. तिथेच राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर ओरडत राहिली. त्यामुळे तिच्याकडे कोणी लक्ष देईना.

एका सकाळी ती हरिणीपाशी आली. या खेपेला ती ओरडली नाही. ती म्हणाली, "तो म्हातारा रानडुक्कर आज पाचव्यांदा आलाय, एकटाच. तो पाण्याकडे बघत नाही, गवताकडे बघत नाही. कुणाची आई किती लांब चरते, तेवढंच विचारतो."

हरिणी तशीच उतारावर गेली आणि तिने वाळूतला ठसा पाहिला. दोन फाकांचे खूर, अगदी स्वच्छ. रानडुक्कर तर कंदमुळे उकरून खाणारा, आणि मोहाची फुले सगळ्यांत जास्त आणणाराही तोच. तिने कावळ्याला विचारले. कावळा हसला. टिटवीची अंडी गेल्यापासून तिला जो तो चोर दिसतो, म्हणाला. हरिणीला हायसे वाटले. तिला हायसे वाटून घ्यायचेच होते, म्हणून वाटले.

त्याच दिवशी रानडुक्कर तिच्याजवळ येऊन बसला. आपल्याला मूलबाळ नाही, हे त्याने आधीही सांगितले होते. आज पुन्हा सांगितले. मग म्हणाला, "तुझ्या लेकराला बघितलं की जीव निवतो बाई. जरा पलीकडच्या डोहापर्यंत फिरवून आणतो. कमळं दाखवतो त्याला."

हरिणीने म्होरक्याकडे पाहिले. पाहुण्याचे मन मोडू नये, अशा अर्थाने म्होरक्याने मान हलवली. तिच्या जिभेवर "नको" हा शब्द आला होता, अगदी टोकावर आला होता. पण इतर हरिणी बघत होत्या. ती म्हणाली, "लवकर या." पाडस उड्या मारत रानडुकराच्या पुढे निघाले. त्याने मागे वळून पाहिले नाही. का पाहील? पाहुण्यांना भ्यायचे नाही, हे त्याला आईनेच शिकवले होते.

ऊन कलले तरी पाडस आले नाही. हरिणी डोहावर धावली. तिथे लव्हाळे तुडवलेले होते, चिखलात दोन फाकांचे खोल ठसे होते आणि ठिपक्यांच्या कातड्याचा एक तुकडा पाण्याच्या कडेला पडला होता. बाकी काही उरले नव्हते.

कळप जमला. हरिणीला वाटले, आता तरी हे थांबेल. पण कावळा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या गव्यांचा मोठा कळप यायचाय." मग सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी झाली. पाडस भरकटले, असे सांगायचे ठरले. टिटवीच्या कलकलाटाने बिचारे घाबरून पळाले असेल, असे कोणीतरी म्हणाले आणि ते सर्वांना पटले. चोर सोडून संन्याशाला फाशी! टिटवीला त्याच संध्याकाळी काठावरून हुसकावून लावले. म्होरक्याने हरिणीची समजूत घातली. म्हणाला, "हे बघ, नखंवाला कुणी आत आलेला नाही. आपला नियम मोडलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिणी गवताच्या कडेला उभी राहिली. आपले पाडस नाही, हे तिला कळत होते. तरी तिने हळूच साद घातली. आईच ती, तिला राहवले नाही. आणि चहूबाजूंनी गवत हलले. दुसऱ्यांची पाडसे उठून धावत तिच्याकडे आली. एवढीशी, ठिपक्याठिपक्यांची, ओल्या नाकाची. तिच्या तोंडात मोहाची फुले आहेत का, ते ती हुंगून पाहू लागली. कोणाचीही साद आली तरी यायचे, एवढेच आता त्यांना ठाऊक होते.

"खाली बसा," ती म्हणाली, "बाळांनो, दबून बसा. हलू नका."

पाडसे तिच्याकडे टुकूटुकू बघत उभी राहिली. त्यांना वाटले, हा नवा खेळ असेल. हरिणी एकेका आईकडे गेली, काकुळतीला आली. त्या फुले चघळत होत्या. त्यांना तिचे वाईट वाटत होते, पण त्यांची पाडसे हुशार होती, त्यांना काही होणार नव्हते. एक जण तर म्हणाली की मुलांना इतके भित्रे करून ठेवणे बरे नव्हे. महिन्याभरापूर्वी आपणही हेच म्हणालो असतो, हे हरिणीला कळले.

तेवढ्यात उतारावर कावळा ओरडला. पाडसांनी माना वळवल्या आणि ती उधळली. हरिणी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. पाडसे तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली.

तात्पर्य : पाहुण्यांना रिझवायला जे लेकरे पुढे करतात, त्यांना ती राखता येत नाहीत. भला पाहुणा गाव पाहून परत जातो. जो लेकरू मागतो, त्याचे पाय कसे आहेत हे बघत बसू नये.