काळा खडा

त्या राज्याला चारी बाजूंनी भिंती होत्या आणि बाहेरच्या जगाकडे उघडणारी खिडकी एकच होती. बाहेरचे लोक तिथे येऊन प्रश्न विचारत. उत्तर आत तयार होई.

उत्तर काढायचं बेडकाने. ते अक्षर-अक्षर करून तो खिडकीलगतच्या कोनाड्यांत ओळीने ठेवी आणि शेवटी एक काळा खडा ठेवी. एका उत्तरामागे एकच खडा मिळे. मग साळुंकी पहिल्या कोनाड्यापासून निघे, दिसेल ते खिडकीबाहेर ऐकू जाईल असं गोड आवाजात म्हणे आणि खड्यापाशी गप्प होई. खड्याखेरीज थांबणं तिला ठाऊक नव्हतं, आणि अर्थाशी तर काही देणंघेणंच नव्हतं. खड्यापलीकडच्या कोनाड्यांत बेडकाची कच्ची गणितं असत आणि त्याच्या मनातलंही असे. त्या राज्यात मनातलं मनात ठेवायची सोय नव्हती. तेही कोनाड्यातच जाऊन पडे.

"काय हुशार साळुंकी आहे हो!" बाहेरचे म्हणत आणि डाळिंबाचे दाणे आत टाकत. बेडकाच्या अंगाचा तिळपापड होई. डोकं शिणवायचं त्याने आणि दाणे टिपायचे हिने! आपलं नाव एकदा तरी बाहेर ऐकू जावं, एवढंच त्याला हवं होतं. दाणेही हवे होते, पण ते तो कबूल करत नसे.

एकदा खिडकीशी मोठी गर्दी जमली. पुलाला किती दगड लागतील, असा प्रश्न होता. बेडकाने उत्तर ठेवलं आणि खडा मात्र गिळून टाकला. आता ही बरळत सुटेल, लोक हसतील, हिची हुशारी उघडी पडेल. या आनंदात पुढच्या कोनाड्यांत काय आहे याची त्याला आठवणच राहिली नाही.

"नऊशे बारा," साळुंकी म्हणाली. "हातचा एक. चुकलं, पुन्हा."

लोक हसले. बेडूकही हसला.

"मेलीला डोकं नाही, नुसता गळा," ती तशाच गोड आवाजात पुढे म्हणाली. "हिशेब माझा, कौतुक हिचं. मी बेडूक. माझं नाव घ्या ना कोणीतरी. ही झोपली की हिने टाकलेल्या बिया मी चघळतो."

बेडकाने खडा ओकून काढायची खटपट केली, पण तो केव्हाच खाली उतरला होता. थांब गं बाई, थांब, असं त्याच्या मनात आलं आणि रिवाजाप्रमाणे ते पुढच्या कोनाड्यात जाऊन पडलं.

साळुंकी तिथे पोचली.

"थांब गं बाई, थांब," ती गोड आवाजात म्हणाली आणि पुढच्या कोनाड्याकडे वळली.